अनुभव धागा: जर्मनीत नवे होतात तेव्हा कुठे अडलात?

नोकरीसाठी, शिकायला किंवा लग्न होऊन जर्मनीत आलेल्यांनो, लिहा. व्हिसाचं नको, रोजच्या जगण्यातलं सांगा. सुरुवात मी करते.

स्टुटगार्टमध्ये तिसऱ्याच आठवड्यात दाराच्या मुठीला एक पाटी लटकलेली दिसली: 'केरवोखं'. कुणीतरी चुकून अडकवली असेल म्हणून मी ती समोरच्या दाराला लावून आले. सकाळी समोरच्या आजी पाटी आणि झाडू, दोन्ही घेऊन हजर! त्या आठवड्यात जिना झाडायची पाळी माझी होती. शब्दात केर आहे हो, आणि अर्थही तोच, केर काढायचा आठवडा. पुण्यात मावशींनी एक खाडा केला तरी कुरकुरणारी मी आता शनिवारी पायऱ्या पुसते आणि आजी वरून कोपरे दाखवतात.

---

आम्हाला म्युनिकला घर मिळालं, स्वयंपाकघर नाही. म्हणजे खोली होती. ओटा, सिंक, शेगडी काही नाही. भिंतीतून दोन नळ्या आणि छतातून वायरी. आधीचे भाडेकरू दिवेसुद्धा काढून घेऊन गेलेले. इथे ही पद्धतच आहे आणि जाहिरातीत तसं लिहिलंही होतं, आम्ही वाचलं नव्हतं. पाच आठवडे कुकर बाथरूमच्या बेसिनमध्ये घासला. बेसिन एवढंसं, त्यामुळे आधी एक बाजू, मग फिरवून दुसरी.

---

जर्मन आकडे मराठी माणसाला सोपे जातात, हे क्लासमध्ये कुणी सांगत नाही. पंचेचाळीस म्हणताना आपण आधी पाच म्हणतो, मग चाळीस. त्यांचंही तसंच, 'फ्युन्फ-उंट-फिर्त्सिश'. माझा इंग्रजी माध्यमातला नवरा अजून उलटसुलट लिहितो.

वेळेत मात्र मीच फसले. 'हाल्ब द्राय' ऐकलं आणि साडेतीन समजले. होते अडीच! तिसऱ्यातला अर्धा, असा त्यांचा हिशेब. दातांच्या डॉक्टरकडे तासभर उशिरा पोहोचले, पुढची वेळ मिळाली सात आठवड्यांनी. तोवर लवंग. मागाहून कळलं की आपला 'अडीच'सुद्धा 'अर्धतृतीय'वरूनच आलाय. आधी कळलं असतं तर दाढ एवढी ठणकली नसती.

---

दोन ओळीच लिहितो. पत्त्यात फ्लॅट नंबर नसतो, टपालपेटीवरच्या आडनावावर पत्र येतं. मी नाव लावलं नव्हतं, बँकेचं कार्ड दोनदा परत गेलं.

---

मी इथली नाही, लेकीकडे हॅम्बुर्गला तीन महिने आले होते. चालेल ना गं लिहिलेलं?

डिसेंबरात चारलाच अंधार, दिवेलागण कधी करायची तेच कळेना. पहिल्याच रविवारी मोहरीची फोडणी दिली आणि पॅसेजमधला धुराचा अलार्म कोकलायला लागला. लेक स्टुलावर चढून टॉवेलने वारा घालतेय, खालचे गृहस्थ दारात. "काही नाही, आमटी," असं मी मराठीतच सांगितलं. हसले बिचारे.

आवडलं ते बाटल्यांचं मशीन. प्लास्टिकची रिकामी बाटली टाकली की २५ सेंट परत, तसे पैसे विकत घेतानाच धरलेले असतात म्हणा. पण रद्दी-डब्बा-बाटलीवाल्याशी चाळीस वर्षं घासाघीस केलेली मी, घासाघीस न करता पैसे? जावई बाटली चेपून टाकायचे, मशीन ती परत बाहेर ढकलायचं. शेवटी मीच म्हटलं, बाटल्यांना हात लावू नका, माझ्याकडे द्या.

---

आजी, परत आलात की म्युनिकलाही या. आता ओटा आहे.