फाशीआधीची पत्रं: घरगुती ओळी गाळायच्या का?

धंतोलीकर
23 मार्चला सीताबर्डीत एका कार्यक्रमात भगतसिंगांचं कुलतारला लिहिलेलं पत्र वाचलं गेलं. वाचलं काय, तर नुसते शेर! धाकटा भाऊ भेटीत रडला म्हणून 3 मार्च 1931 ला लाहोरच्या तुरुंगातून लिहिलेलं हे उर्दू पत्र. तुझे अश्रू मला सोसवत नाहीत, नीट शिक, तब्येतीला जप, असं फासावर जाणारा 23 वर्षांचा थोरला भाऊ सांगतोय. हे गाळलं की हातात नुसता पुतळा उरतो. पत्र वाचायचं तर अख्खं वाचा.

इतवारी
नाही पटलं. 22 मार्चला सोबत्यांना लिहिलेलं पत्र बघा. माझ्या उणिवा आज लोकांपुढे नाहीत, फाशी टळली तर त्या उघड होतील. हसत फासावर गेलो तर आया आपली पोरं भगतसिंग व्हावीत अशी इच्छा धरतील, असं ते स्वतः लिहितात. आपल्या मरणाचं काय व्हावं, हे त्यांनीच ठरवलं होतं. कुलतारला सांगितलेलं कुलतारचं. ते चौकात कशाला?

धंतोलीकर
त्याच पत्राची सुरुवात वाचा ना! जगायची इच्छा माझ्यातही आहे, ती मी लपवत नाही, पण कैदेत किंवा बंधनात जगायचं नाही. लोकांसाठी लिहितानाही हे आधी सांगितलं त्यांनी.

वर्धा रोड
इतवारींच्या बाजूने एक मुद्दा. 17 वर्षांच्या गी मोकेला 22 ऑक्टोबर 1941 ला फ्रान्समध्ये जर्मनांनी गोळ्या घातल्या. त्याचं शेवटचं पत्र आई, भाऊ, वडील यांच्यासाठी. 2007 मध्ये राष्ट्राध्यक्ष सार्कोझींनी ते शाळाशाळांतून वाचायला सांगितलं, तेव्हा अनेक शिक्षक अडून बसले. पोरगा कम्युनिस्ट होता, कशासाठी मेला ते बाजूला ठेवून वर्गाला नुसतं रडवायचं का, हा सवाल होता. घरगुती ओळीही सत्तेच्या कामी येतात.

वऱ्हाडी माणूस
मले तं हे भांडणच समजून नाही राहिलं. मिसाक मानूशियान, फ्रान्समध्ये जर्मनांविरुद्ध लढणारा आर्मेनियन कवी, गोळ्या घालायच्या आधी 21 फेब्रुवारी 1944 ला पॅरिसजवळच्या फ्रेन तुरुंगातून बायकोले लिहिते: जर्मन लोकांबद्दल माह्या मनात द्वेष नाही. अन् त्याच पत्रात, लढाई संपली की तू लग्न कर, लेकरू होऊ दे. आता यातलं राजकारण कोणतं अन् घर कोणतं? कात्री कुठं लावसान?

इतवारी
वाद कात्रीचा नाही, मापाचा आहे. शंकर महाले 19 जानेवारी 1943 ला आपल्याच नागपूरच्या जेलात फासावर गेले. आपण त्यांना ओळखतो ते 1942 च्या लढ्यामुळे, कुठल्या पत्रामुळे नाही. माणूस पत्रावरून मोजायची सवय मला धोक्याची वाटते.

धंतोलीकर
मग लढ्यावर बोला, पत्र घेऊच नका! घेतलं तर मात्र पहिल्या ओळीपासून. कुलतारचं पत्र एवढुसं आहे, दोन मिनिटंही लागत नाहीत.