शुगर फ्री कुकीज, अप्पांची २८७ आणि बी विंगची लिफ्ट

देशमुख वहिनी ए-५०२:
सुप्रभात. कुणाचं नाव घ्यायचं नाही पण रविवारी संध्याकाळी बागेत मुलांबरोबर मोठ्यांनाही जे काही "शुगर फ्री" म्हणून वाटलं गेलं ते आमच्या अप्पांनी विश्वासाने खाल्लं आणि रात्री मशीनवर शुगर २८७ आली. डब्यावर तशी चिठ्ठी होती, माझ्याकडे फोटो आहे. ज्यांना कळायचं त्यांना कळेल. 🙏

सबनीस बी-७०१:
बी विंगची लिफ्ट बंद. आज ९वा दिवस.

निखिल बी-५०१:
नाव नाही घेतलं पण सगळ्यांनी बी-२०४ च्या बाल्कनीकडे बघितलं 😂

मृणाल बी-२०४:
वहिनी नाव घेतलंत तरी चालेल, मी काही लपून वाटल्या नाहीत. अप्पांची काळजी मलाही आहे, तब्येत कशी आहे आता त्यांची? पण मी परत सांगते त्या कुकीजमध्ये साखर कणभर नाही मैदा नाही बटर नाही, उकडलेले छोले, खजूर आणि पीनट बटर एवढंच. खजूर म्हणजे नॅचरल आहे. रात्री ९ पर्यंत उभी राहून केल्यात मी, छोल्यांची सालं एकेक करून काढलीत कारण सालं राहिली की दाताखाली येतात आणि मुलं थुंकून टाकतात. कौतुक नको पण सकाळी ७ ला ग्रुपवर असं…

देशमुख वहिनी ए-५०२:
मी कुणाच्या कष्टाबद्दल बोललेच नाही. शुगर फ्री लिहिलं होतं एवढंच म्हणतीये.

साने काका ए-१०१:
यात नवीन काय आहे मला कळत नाही. हरभऱ्याची डाळ शिजवायची, गूळ घालायचा, पुरण वाटायचं हे आपल्या आज्या करतच होत्या. बेसनाचा लाडू काय आहे मग? इंग्रजी नाव दिलं की ते हेल्दी होतं आणि २०० रुपयांना विकता येतं.

मृणाल बी-२०४:
काका विकल्या नाहीत, सॅम्पल होतं.

साने काका ए-१०१:
सॅम्पल विकण्यासाठीच असतं.

फडके मावशी बी-१०२:
एक मिनिट. छोले होते त्यात??? मृणाल मला तू खजूर आणि शेंगदाण्याच्या म्हणालीस. माझा संध्याकाळी फराळ होता, मी दोन खाल्ल्या अगं.

निखिल बी-५०१:
मावशी उपास मोडला 😂😂

फडके मावशी बी-१०२:
हसतोस काय. खजूर चालतो दाणे चालतात म्हणून घेतल्या. कडधान्य कसं चालेल? श्रावण आहे.

मृणाल बी-२०४:
मावशी सॉरी, खरंच तुमच्या उपासाचं डोक्यात आलं नाही. मी खजूर-दाणे आहेत म्हणाले ते खरंच होतं, पूर्ण नव्हतं एवढंच.

फडके मावशी बी-१०२:
असो. नकळत खाल्लं त्याचा दोष नसतो असं आई म्हणायची. चवीला बऱ्या होत्या, मऊ, थोड्या बर्फीसारख्या.

कदम सेक्रेटरी:
सर्व सभासदांना विनंती, हा ग्रुप सोसायटीच्या कामासाठी आहे. पाककृती "हसत खेळत" ग्रुपवर टाकाव्यात.

सबनीस बी-७०१:
सोसायटीच्या कामासाठी आहे ना? मग लिफ्ट. ९वा दिवस.

प्रसाद सी-६०३:
मृणाल, प्रमाण सांगशील का? भांडायला नाही, हिशोब करायला.

मृणाल बी-२०४:
२० कुकीजना पाव किलो शिजवलेले छोले (कच्चे साधारण १०० ग्रॅम लागतात, रात्रभर भिजवायचे, ते पाणी फेकायचं, ताज्या पाण्यात ६ शिट्ट्या), १५० ग्रॅम बिनबियांचा खजूर, १२५ ग्रॅम पीनट बटर, जवसाची पूड १ चमचा पाण्यात भिजवून अंड्याऐवजी, अर्धा छोटा चमचा बेकिंग पावडर, चिमूटभर मीठ. १८० ला १५ मिनिटं. मिक्सरमध्ये पाणी न घालता फिरवायचं म्हणून दर अर्ध्या मिनिटाला थांबावं लागतं नाहीतर मोटरचा वास येतो, माझा एक मिक्सर त्यात गेलाय. आणि हो, या कुकीज ओव्हनमध्ये पसरत नाहीत, मैद्याच्या कुकीज बटर आणि साखर वितळल्यामुळे पसरतात, याच्यात तसं काही नाही त्यामुळे गोळा ठेवला तर गोळाच बाहेर येतो. हाताने थापटून ठेवायच्या.

प्रसाद सी-६०३:
ओके. खजुरात वजनाच्या जवळपास ६५ टक्के साखरच असते. १५० ग्रॅममध्ये ९७-९८ ग्रॅम झाली. भागिले २०, म्हणजे एका कुकीत ५ ग्रॅम, सव्वा चमचा. अप्पांनी किती खाल्ल्या?

देशमुख वहिनी ए-५०२:
पाच. शुगर फ्री लिहिलं होतं म्हणून.

प्रसाद सी-६०३:
मग ६ चमचे साखर.

मृणाल बी-२०४:
पण ती नॅचरल आहे ना!! फायबरसकट येते.

साने काका ए-१०१:
ऊस काय कारखान्यात उगवतो का? तोही नॅचरलच.

डॉ. स्नेहा सी-१०४:
ओपीडीला निघालीये, पटकन लिहिते. दोघींचं थोडं थोडं बरोबर आहे. छोल्यांचा ग्लायसेमिक इंडेक्स (खाल्ल्यावर रक्तातली साखर किती वेगाने चढते त्याचा आकडा) कमी आहे, तिशीच्या आसपास, आणि शिजलेल्या १०० ग्रॅम छोल्यात साडेसात ग्रॅम तरी फायबर असतं, मैद्यात तीनपेक्षा कमी. त्यामुळे मैदा-साखरेच्या कुकीपेक्षा साखर हळू चढते हे खरं. पण शरीराला खजूर, गूळ, मध, साखर यातला सात्त्विकपणा कळत नाही, शेवटी ग्लुकोज आणि फ्रुक्टोजच पोटात जातं. डायबेटिस असेल तर एक कुकी, ती पण जेवणातली अर्धी पोळी कमी करून. आणि एका २८७ वरून कुकीला फाशी देऊ नका, दिवसभरात अजून काय खाल्लं तेही बघा.

देशमुख वहिनी ए-५०२:
अप्पांना आमच्याकडे सगळं मोजून देतो डॉक्टर. घरातलं घरात मोजता येतं, बागेतलं नाही.

रेश्मा ए-२०३:
मी जास्त बोलत नाही ग्रुपवर पण एक सांगायचं होतं. आमच्या अर्णवला सिलियाक आहे, गहू चालत नाही, बागेत किंवा वाढदिवसाला गेलं की तो खिशात हात घालून उभा राहतो कारण त्याला माहितीये की नाहीच म्हणायचंय. रविवारी पहिल्यांदा मृणालने सगळ्यांच्या डब्यातलंच त्याला दिलं. फक्त मृणाल एक विचारायचं राहिलं, तू त्याच ट्रेमध्ये नानकटाई पण भाजतेस का? आणि मिक्सर तोच?

मृणाल बी-२०४:
ट्रे धुतलेला होता गं आणि खाली बटर पेपर होता. मिक्सर मात्र तोच. पण कणीक मी मिक्सरमध्ये काढत नाही. रव्याचं कधीतरी… हो, एकदा रवा बारीक केला होता गेल्या आठवड्यात.

रेश्मा ए-२०३:
ठीक आहे, त्याला काही झालं नाही. पुढच्या वेळी आमचं भांडं घेऊन येईन, तुझ्याकडे करू.

निखिल बी-५०१:
आमच्या फ्लॅटची पण कहाणी ऐका. तीन आठवड्यांपूर्वी रील बघून आम्ही पण केल्या. छोले नव्हते म्हणून राजमा. रात्रभर भिजवला, सकाळी डायरेक्ट मिक्सर, कारण म्हणलं ओव्हनमध्ये भाजतोयच की, दोनदा कशाला शिजवायचा. तिघंही दोन तासात बाथरूमच्या रांगेत. त्या दिवशी पाण्याचा टँकर कुणामुळे लवकर संपला ते आता कळलं असेल.

डॉ. स्नेहा सी-१०४:
निखिल हसण्यावारी नेऊ नकोस!! कच्च्या राजम्यात फायटोहीमअग्लुटिनिन म्हणून लेक्टिन, म्हणजे एक बाधणारं प्रथिन असतं, चार-पाच कच्चे दाणे पण उलट्या-जुलाबाला पुरतात. भिजवून, पाणी फेकून, ताज्या पाण्यात निदान १० मिनिटं खळखळून उकळायलाच हवा. कुकरला लावला की प्रश्न मिटतो. कुकीच्या आतलं तापमान त्याला पुरत नाही, आणि अर्धवट गरम केला तर उलट जास्त बाधतो. मुलांवर कुणी हा प्रयोग करू नका कृपया.

साने काका ए-१०१:
म्हणून म्हणतो पुरण. डाळ शिजल्याशिवाय पुरण वाटलंच जात नाही. आज्या वेड्या नव्हत्या.

कदम सेक्रेटरी:
पुन्हा विनंती. पाककृती व वैद्यकीय चर्चा "हसत खेळत" वर.

सबनीस बी-७०१:
माझी आई ८१ वर्षांची आहे. ७ मजले. ९वा दिवस. कुकीजवर ३० मेसेज.

देशमुख वहिनी ए-५०२:
माझा मुद्दा तसाच आहे. शुगर फ्री लिहिलं होतं.

प्रसाद सी-६०३:
नियम असा आहे की शुगर फ्री लिहायचं तर १०० ग्रॅममध्ये अर्धा ग्रॅमपेक्षा जास्त साखर चालत नाही. एफएसएसएआयचे, म्हणजे सरकारी अन्न सुरक्षा प्राधिकरणाचे, २०१८ चे नियम आहेत. मृणाल विकायचं ठरवशील तेव्हा रजिस्ट्रेशन आणि लेबल नीट करून घे, नाहीतर वहिनींपेक्षा कडक लोक भेटतील.

देशमुख वहिनी ए-५०२:
कडक म्हणजे?

प्रसाद सी-६०३:
कौतुकाने म्हणलं वहिनी 🙏

मृणाल बी-२०४:
ठीक आहे, शुगर फ्री ही माझी चूक, "साखर घातलेली नाही" असं लिहायला हवं होतं.

प्रसाद सी-६०३:
खजुराशिवाय गोड दुसरं काहीच नव्हतं ना?

मृणाल बी-२०४:
नाही. म्हणजे पहिल्या घाण्याची चव मुलीला आवडली नाही, छोल्याचा वास येतो म्हणाली, म्हणून थोडा गूळ घातला. ३ चमचे. मोठे. पण सेंद्रिय.

प्रसाद सी-६०३:
सुधारित हिशोब, कुकीमागे ७ ग्रॅम.

निखिल बी-५०१:
आणि वरती जे काळे ठिपके होते ते? मनुका होत्या का?

मृणाल बी-२०४:
चोको चिप्स. ६० ग्रॅम फक्त. डार्क.

प्रसाद सी-६०३:
डार्क असले तरी अर्धी साखर धर. साडेआठ ग्रॅम. दोन चमच्यांच्या वर.

देशमुख वहिनी ए-५०२:
😊

मृणाल बी-२०४:
वहिनी त्या स्मायलीचा अर्थ कळतो मला. गेल्या गणपतीला मोदकांच्या सारणात काय होतं हे मी कधी ग्रुपवर विचारलं नव्हतं, तेव्हा माझ्या घरात दोन दिवस काय चाललं होतं तरी.

देशमुख वहिनी ए-५०२:
तो विषय मीटिंगमध्ये संपला होता. खोबरं दुकानातून आलं होतं, आणि पावती कदमांकडे दिलेली आहे.

कदम सेक्रेटरी:
पावती आहे. कृपया तो विषय काढू नये.

प्रसाद सी-६०३:
अजून एक गंमत, प्रोटीनचा पण हिशोब केला. एका कुकीत पावणेतीन ग्रॅमच्या आसपास येतं, त्यातलं निम्म्याहून जास्त पीनट बटरचं आहे. छोल्यांचं नाव, दाण्यांचं काम.

फडके मावशी बी-१०२:
दाणे आहेत हे तरी मुलांना देताना सांगत जा गं. आमच्या भाचीच्या मुलाला दाण्याने ओठ सुजतात.

मृणाल बी-२०४:
हे मात्र मान्य मावशी, १००%. पुढच्या वेळी डब्यावर सगळे घटक लिहीन, छोले, दाणे, गूळ, चिप्स, माझा स्वभाव, सगळं. आणि ज्यांनी घरी नेऊन स्टीलच्या डब्यात ठेवल्यात त्यांनी आजच संपवा किंवा फ्रीजमध्ये टाका, छोल्यांचा ओलावा असतो, पावसाळ्यात बाहेर तिसऱ्या दिवशी बुरशी धरते. नानकटाईसारख्या महिनाभर टिकत नाहीत. हे पण आधी सांगायला हवं होतं, माहितीये.

निखिल बी-५०१:
ताई उशीर झाला, माझ्या डब्यात हिरवी मखमल आहे.

अप्पा देशमुख:
सर्वांस नमस्कार. सूनबाईंनी फोन आता दिला. माझी तब्येत उत्तम आहे सकाळी ११८ होती. कुकीज पाच नव्हे आठ खाल्ल्या. पाच बागेत आणि तीन मृणालने घरी न्यायला दिलेल्या त्या जिन्यात. शिवाय दुपारी साने यांच्याकडे श्रीखंड झाले होते दोन वाट्या ते घरी सांगितले नव्हते. मृणालचा दोष नाही. कुकी टाळूला चिकटते तेवढे बघ बाळ.

देशमुख वहिनी ए-५०२:
अप्पा!!

साने काका ए-१०१:
दीड वाटी.

प्रसाद सी-६०३:
८ कुकीज म्हणजे ६८ ग्रॅम, १७ चमचे. श्रीखंड वेगळं. अप्पा २८७ म्हणजे स्वस्तात सुटलात.

डॉ. स्नेहा सी-१०४:
अप्पा संध्याकाळी सी-१०४ ला या. मशीन घेऊन. एकटे.

देशमुख वहिनी ए-५०२:
मृणाल, साने काकांकडच्या श्रीखंडाचं मला माहिती नव्हतं. बाकी चिठ्ठीचा मुद्दा आहेच. चोको चिप्स आणि गूळ न घालता करून बघ एकदा, वेलची आणि जायफळ घातलं तर छोल्याचा वास मरतो, पुरणात आपण तेच करतो.

साने काका ए-१०१:
मी सकाळपासून दुसरं काय सांगतोय?

मृणाल बी-२०४:
जायफळ घालून बघते वहिनी. अप्पांना एकच पाठवीन, तुमच्या हातात.

कदम सेक्रेटरी:
बी विंगची लिफ्ट दुरुस्त झाली आहे. मेकॅनिक खाली आहे, कुणीतरी चहा द्यावा. काही खायला असल्यास उत्तम.

निखिल बी-५०१:
हिरव्या सोडून कुठल्याही चालतील का 😂

सबनीस बी-७०१:
लिफ्ट चालू झाली. आभार. आता कुकीजचा विषय निघालाच आहे तर सांगतो, रविवारी सगळ्यांना वाटल्या म्हणताय, ७व्या मजल्यावर एकही आली नाही.