टॅफ्ट ओसाड पडलं नाही

तेलाची गावं म्हणजे चार दिवसांचं चांदणं, तेजी सरली की ओसाड, असं सर्रास म्हटलं जातं. बऱ्याच गावांचं तसं झालंही, पण कॅलिफोर्नियातल्या टॅफ्टचं नाही. १९१० च्या मार्चमध्ये गावाजवळ लेकव्ह्यूची विहीर फुटली ती दीड वर्ष आवरेचना. सुमारे ९० लाख पिंपं तेल उसळलं, त्यातलं निम्म्याहून जास्त वाया गेलं. ही गोष्ट सगळेच सांगतात. मला त्याहून मोलाचं वाटतं ते १९२२ साल. त्या वर्षी या धुळीच्या गावात कॉलेज सुरू झालं, आणि ते आजही चालू आहे.

मी गेलो होतो तेव्हा तिथलं तेलाचं संग्रहालय पाहिलं. सांभाळतात ते स्वयंसेवक. आवारात १९१७ चा लाकडी डेरिक, म्हणजे तेलविहीर खणण्यासाठी उभारलेला मनोरा, मूळ जागीच उभा आहे. उन्हाने करड्या पडलेल्या फळ्या, खिळ्यांभोवती गंजाचे ओघळ. मी कितीतरी वेळ मान वर करून बघत राहिलो. शिवाय दर पाच वर्षांनी 'ऑइलडोराडो' नावाची जत्रा भरते, तिच्यासाठी गावातले पुरुष दाढ्या वाढवतात आणि त्यांची स्पर्धा लागते. तेलाचे भाव कितीही पडोत, ही जत्रा गावाने सोडलेली नाही.