म्हैसाळचं पाणी आलं, आता घरचा शाळू ठेवायचा का?

जतचा शेतकरी
राम राम मंडळी. जत तालुक्यात आमचं सहा एकर रान. वडील होते तोवर चार एकर शाळू, म्हणजे रब्बीची ज्वारी, असायची. म्हैसाळ योजनेचं पाणी आल्यापासून तीन एकर द्राक्षं, दोन एकर ऊस. शाळूला एकच एकर उरलाय. धाकटा भाऊ म्हणतो, तिथंही ऊस लावू, शाळू विकत आणू. आईनं दोन दिवस त्याच्याशी बोलणं टाकलंय.

मी मधल्यामध्ये अडकलोय. घरात सहा माणसं, दोन्ही वेळ भाकरी. वर्षाला सहा-सात क्विंटल लागतात. रेशनवर माणशी 5 किलो फुकट मिळतं, पण आमच्या दुकानात गहू-तांदूळच. मागं एकदा पेर साधली नाही म्हणून दोन पोती शाळू विकत घेतला. पिठाला विरी म्हणजे चिकटपणा नव्हता, भाकरी थापताना फाटायची. आई तव्यापुढं गप्प बसून राहायची, ते अजून डोळ्यांपुढं आहे. तुम्ही काय केलंत?

म्हसवडकर
दादा, आईचं ऐका. माझी आजी 1972 च्या दुष्काळात खडी फोडायला जायची. कामावर सुकडी मिळायची आणि रेशनला अमेरिकेतून आलेली लाल मिलो ज्वारी. आजी सांगायची, गाठीला चार पैसे असलेलेही त्याच रांगेत उभे होते, कारण गावात दाणाच नव्हता. तेव्हापासून तिनं कणगी कधी रिकामी होऊ दिली नाही.
आणि कडबा? दावणीला जनावरं असतील तर तो हिशेब भावाला आधी सांगा. नुसत्या उसाच्या वाड्यावर, हिरव्या शेंड्यांवर, म्हैस किती दिवस काढणार?

वाळव्याचा
माझा अनुभव वेगळा आहे, राग मानू नका. आमच्या शिवारात सगळा ऊस. मी मधोमध अर्धा एकर शाळू केला. दाणा हुरड्यात आला आणि सगळ्या गावाची पाखरं माझ्याच रानात! गोफण घेऊन म्हातारे वडील दिवसभर माळ्यावर. काढणीला बायका मिळेनात. दोन वर्षं केलं, तिसऱ्या वर्षी सोडलं. पूर्वी शिवारभर शाळू असायचा, तेव्हा पाखरांचं खाणं सगळ्यांत वाटलं जायचं. एकट्यानं ठेवणार असाल तर अवघड आहे. शेजारच्या तिघा-चौघांना तयार करा, एका पट्ट्यात पेरा.

खटावची सूनबाई
भाऊंना एवढंच विचारा, पाण्याचं आवर्तन, म्हणजे पुढची पाळी, लांबलं तर? कृष्णेचं पाणी पंपानं टप्प्याटप्प्यानं उचलून तुमच्यापर्यंत येतं. ऊस वर्षभराहून जास्त रानात उभा, त्याला सारखं पाणी. शाळू चार महिन्यांचा. काळ्या रानात पोटरीत (कणीस बाहेर पडायच्या आधी) आणि फुलोऱ्यात एकेक पाणी मिळालं तरी भरतो. मी शाळूचं मालदांडी वाणच करते, कडेनं करडईच्या चार ओळी. काट्यांमुळं जनावर आत शिरत नाही, आणि घरचं तेलही होतं. दाणे कडक उन्हात वाळवून कडुनिंबाचा पाला घालून ठेवते.

जतचा शेतकरी
सगळ्यांचे आभार. वाळव्याच्या दादांचं पाखरांचं म्हणणं माझ्या लक्षातच आलं नव्हतं. काल बांधाला बांध असलेल्या दोघांशी बोललो. एक तयार आहे, दुसरा दसऱ्यापर्यंत सांगतो म्हणाला. धाकट्यानं यंदापुरतं मान्य केलंय. कडब्याचा हिशेब त्याला पटला. सूनबाई, तुमच्याकडं मालदांडीचं घरचं बी असेल तर शेजाऱ्याचं धरून दोन एकरांपुरतं मिळेल का? हस्ताच्या पावसावर पेरायचं आहे.