‘मर्जीने गेले, मग शोषण कसलं?’ – याला उत्तर

रानवारा: काल दुसऱ्या एका धाग्यावर कुणीतरी लिहिलं की काबूल-बगदादला गार्ड म्हणून गेलेले नेपाळी, युगांडावाले स्वतःच्या मर्जीने गेले, डॉलर कमावले, मग रडगाणं कशाला. वाचून झोप उडाली माझी. २० जून २०१६, काबूल. कॅनडाच्या दूतावासाचे गार्ड सकाळी ड्यूटीवर निघालेले, आत्मघाती हल्ल्यात १३ नेपाळी आणि २ भारतीय गेले. कशातून चालले होते? साध्या मिनीबसमधून. चिलखती गाड्या साहेबांना, आणि साहेबांना सांभाळणारे मिनीबसमध्ये. ही पण त्यांचीच मर्जी का?

मुद्देसूद: ते मीच लिहिलंय आणि अजूनही तेच म्हणतो. यातले कितीतरी जण माजी फौजी, काबूल म्हणजे काय हे त्यांना तुमच्याआमच्यापेक्षा जास्त कळतं. त्या हल्ल्यानंतर नेपाळ सरकारने अफगाणिस्तान, इराक, लिबिया, सीरियाला जायला बंदी घातली, थांबले का लोक? दिल्लीवरून चोरून जातच राहिले की. घर चालत नाही म्हणून जातात, त्यांना बिचारे म्हणणं हाच अपमान आहे.

सुभेदार_माण: साहेब, मी जाऊन आलोय. १७ वर्षं फौजेत काढून गावी आलो, बहिणीचं लग्न डोक्यावर, मुंबईच्या एजंटला पावणेदोन लाख दिले. बोलला कुवेत, स्टोअरकीपर. कुवेतला उतरल्यावर पासपोर्ट काढून घेतले आणि चौथ्या दिवशी इराकच्या बेसवर, मेसमध्ये. साल २००७, तेव्हा आपल्या पासपोर्टवर इराक चालत नाही असा शिक्काच असायचा, म्हणजे पळून जायचं तर दाद कुणाकडं मागणार? टॉवरवर युगांडाची पोरं, बारा-बारा तास. रात्री मी चहा घेऊन वर जायचो. एकानं माझा हात धरून स्वतःच्या जाकिटावर दाबला, आत गोळी अडवणारी प्लेटच नाही, नुसतं कापड. हजार डॉलर सांगून आणलेलं, हातात सहाशे पडायचे. कर्ज फिटेपर्यंत परतायचं नाव काढता येत नव्हतं त्याला. मला पण नाही.

पार्ल्याची_मावशी: इराकचं राहू द्या, आपल्या गेटवर काय चाललंय? आमच्या बिल्डिंगचा नेपाळी वॉचमन बारा तास उभा, सुट्टी नाही, संडास तळघरात, नाव कुणाला माहीत नाही, सगळे ‘बहादूर’च म्हणतात. सुरक्षा रक्षकांचा कायदा महाराष्ट्रात १९८१ पासून आहे, त्याखाली गार्ड देणारं सरकारी मंडळ आहे, तरी सोसायट्या स्वस्तातली एजन्सी शोधतात.

सेक्रेटरी_बी_विंग: मावशी, मंडळाचे गार्ड घेतले की मेन्टेनन्स वाढतो, मग मीटिंगमध्ये शिव्या मी खातो! सहा वर्षं फुकट काम करतोय. तुम्ही या एकदा कमिटीवर.

पार्ल्याची_मावशी: होते मी कमिटीवर. लिफ्टला ग्रॅनाइट लावायला पैसे निघाले, वॉचमनच्या पंख्याला नाही निघाले.

सेक्रेटरी_बी_विंग: ग्रॅनाइटचा ठराव जनरल बॉडीचा होता. उगाच आरोप करू नका.

रानवारा: अहो ग्रॅनाइट आवरा! मुद्देसूद, २००४ मध्ये इराकमध्ये मारले गेलेले ते १२ नेपाळी आठवतायत? त्यांना जॉर्डनमध्ये हॉटेलात काम सांगितलं होतं, नेत होते इराकमधल्या अमेरिकन तळावर ठेक्याच्या कामाला. अमेरिकन लष्करी ठेक्यावरच्या माणसाचा विमा काढावा लागतो, परदेशी असला तरी, अमेरिकेचा तसा कायदा १९४१ चा आहे. भरपाई त्याच कायद्याखाली मंजूर झाली, पण २००८ मध्ये, वकील मागे लागले म्हणून. किती घरांना असा विमा असतो हेच ठाऊक नाही.

मुद्देसूद: विम्याचं मला माहीत नव्हतं. ठीक आहे, जागा खोटी सांगून नेलं तर ती मर्जी नाही, एवढं घ्या. पण ज्याला खरं सांगितलंय आणि तरी जातो, त्याला अडवायचा हक्क तुम्हाला नाही, यावरून मी हलणार नाही.

सुभेदार_माण: अडवा कोण म्हणतंय? मी तर पुतण्याला सांगितलंय, जायचंय तर जा, पण करार हातात, पासपोर्ट खिशात, विम्याच्या कागदाची एक प्रत घरी. त्यानं एजंटकडं प्रत मागितली. त्या दिवसापासून एजंट फोन उचलत नाही.

पार्ल्याची_मावशी: आमच्या वॉचमनचं नाव टेकबहादूर. आज विचारून आले. त्याचा मोठा भाऊ काबूलला होता.