माइनक्राफ्ट: नेदरमधली जंगलं जगतात कशावर?

तापीकाठ_जळगाव
राम राम मंडळी. नेदरमध्ये, म्हणजे माइनक्राफ्ट खेळातल्या विस्तवाच्या पाताळात, ऊन नाही, पाऊस नाही, बादलीतलं पाणी ओतलं की चर्रकन वाफ होते. तरी १.१६ आवृत्तीपासून (जून २०२०) तिथं दोन दाट जंगलं आहेत, लाल क्रिमझन आणि निळसर वार्प्ड. रानडुकरासारख्या हॉग्लिनचे कळप फिरतात, डुकरतोंडे पिगलिन त्यांची शिकार करतात. हिरवं पान एक नाही. मग या साखळीच्या तळाशी काय आहे? "जादू आहे" सोडून उत्तर हवंय. थिअरी चालेल, पण खेळात तपासता आली पाहिजे.

केळीबाग_रावेर
भाऊ, तळाशी हाडं आहेत. का ते सांगतो.

ती जंगलं झाडांची नाहीत, बुरशीची आहेत. बुरशी स्वतः अन्न बनवत नाही, मेलेल्यावर जगते. केळीचा घड कापल्यावर बागेत पडलेलं खोड आठवा, आठवड्याभरात त्यावर पांढरी बुरशी धरते. नेदरमध्येही तेच, फक्त खोडाच्या जागी हाड.

पुरावा नायलियममध्ये, म्हणजे या जंगलांच्या बुरशी चढलेल्या जमिनीत, आहे. गवत आपोआप पसरतं, साधे मशरूमही अंधारात पसरतात. नायलियम मात्र वर्षभर बघत बसा, एक ब्लॉक पुढे सरकत नाही. त्याला बोनमीलच लागतं, म्हणजे हाडांचा चुरा.

करून बघा:
सिल्क टचच्या (ब्लॉक जसाच्या तसा काढणाऱ्या जादूच्या) कुदळीनं क्रिमझन नायलियमचा एक ब्लॉक काढा. साध्या कुदळीनं हातात नुसता नेदररॅक (नेदरचा साधा दगड) येतो, इथंच पुष्कळांचं फसतं. तो मधे ठेवून भोवती ८ नेदररॅक लावा, ३ बाय ३ चा वाफा होतो. वरची जागा मोकळी हवी. आता प्रत्येक नेदररॅकवर एकेक बोनमील. आठही लाल होतात. एका बोन ब्लॉकचं ९ बोनमील निघतं, म्हणजे वाफा पुरा होऊन एक उरतं. मग क्रिमझन फंगस (लाल बुरशीचं रोप) लावून त्यावर बोनमील टाका. दर वेळी मोठं होण्याची शक्यता ४० टक्के, म्हणून सरासरी अडीच लागतात. क्रिमझन फंगस वार्प्ड नायलियमवर लावला तर पोतंभर बोनमील टाकूनही वाढणार नाही. आणि नायलियमवर भरीव ब्लॉक ठेवलात तर ते पुन्हा नेदररॅक होतं, तेव्हा वाफ्यावर छत घालताना मधे मोकळी जागा सोडा.

साक्री_४२४
रावेरवाले दादा, मांडणी आवडली, पण दोन ठिकाणी अडतं. पहिलं, हाडांचे भलेमोठे सांगाडे सोल सँड व्हॅलीत (नेदरमधली वाळूची उजाड दरी) पडलेत आणि तिथं फंगसचं एक झाड नाही. खत जिथं, तिथंच रान उजाड, असं कसं? दुसरं, नेदर वार्ट (नेदरमधलं बुरशीसारखं पीक) बोनमील घेतच नाही. सोल सँडवर लावला की आपोआप चार टप्प्यांत वाढतो, रँडम टिक (खेळ अधूनमधून देतो ती वाढीची संधी) मिळाला की १० टक्के शक्यता. उजेड लागत नाही. क्रिमझन झाडाचा शेंडा तर नेदर वार्ट ब्लॉकचाच असतो.

केळीबाग_रावेर
पहिल्याचं उत्तर मातीत आहे. नायलियम फक्त नेदररॅकवर धरतं, सोल सँडवर धरत नाही. म्हणजे हाडं दोन्हीकडे पडली असतील. नेदररॅकवर पडलेली बुरशीनं संपवली, त्याचं जंगल झालं. सोल सँडवरची खायला कोणी नव्हतं म्हणून ती आजही तशीच पडून आहेत. उजाड रानात खत दिसतं ते वापरलं गेलं नाही म्हणूनच.

वार्टचा मुद्दा मात्र खरा शे. तिथं हाडांची गरज नाही, सोल सँडच खाऊ घालते. त्या ब्लॉकवरचे चेहरे बघितले की तीही मेलेल्यांचीच माती वाटते, पण एवढ्यावरून सिद्ध होत नाही हे मान्य.

सातपुडा_शहादा
हाडं कोणाची, हा खरा प्रश्न. त्या बरगड्यांच्या मापाचा एकही प्राणी आज नेदरमध्ये नाही. मग ते मेले कशानं?

माझं मत: पाणी आटलं. जून २०२५ च्या १.२१.६ मध्ये वाळलेला घास्ट (घास्ट म्हणजे नेदरमधला तरंगणारा प्राणी) आला, तो याच सांगाड्यांजवळ सापडतो. तो उचलून वरच्या जगात आणा (नेदरमध्ये पाणी टिकतच नाही), पाण्यात ठेवा आणि थांबा. साधारण २० मिनिटांत पिल्लू होतं. भोवती पाणी नुसतं वाहून चालत नाही, त्याच ब्लॉकमध्ये पाणी भरलेलं हवं. पिल्लाला स्नोबॉल चारले की लवकर मोठं होतं आणि मग हार्नेस घातला की पाठीवर बसू देतं. पाण्यानं जिवंत होणारा, बर्फ खाणारा प्राणी विस्तवाच्या जगात जन्मला असेल? तो जुन्या, ओल्या नेदरचा आहे. ते कोरडं ठणठणीत तोंड जवळून बघा, भरउन्हाळ्यात भेगाळलेली काळी जमीन दिसते.

साक्री_४२४
हे पटलं. आणि पाणी का आटलं तेही लाव्हा सांगतो. वरच्या जगात तो सपाटीवर उगमापासून ३ ब्लॉक जातो, नेदरमध्ये ७, आणि तिप्पट वेगानं. पातळ लाव्हा लांबवर पसरतो आणि वाटेतलं पाणी आटवतो. आपला दख्खनचा पाषाण असाच थरावर थर पसरून झाला, आणि धुळे-नंदुरबारकडच्या काळ्या दगडी भिंती म्हणजे भेगांत थिजलेला लाव्हाच. नेदरमधला बेसाल्ट डेल्टा (काळ्या दगडाचा भाग) बघताना तेच डोळ्यासमोर येतं.

तापीकाठ_जळगाव
मग वार्प्ड जंगलाचं काय? हॉग्लिन वार्प्ड फंगसच्या ७ ब्लॉकच्या आत थांबत नाहीत.

केळीबाग_रावेर
म्हणून मी दोन वेगळी ताटं धरतो. लाल ताट हॉग्लिनचं: क्रिमझन फंगस चारला की जोडी लागते, आणि मोठे हॉग्लिन पिगलिनच्या पोटात जातात. निळं ताट लाव्हावर चालणाऱ्या स्ट्रायडरचं, तो वार्प्ड फंगसच खातो. प्रयोग नेदरमध्येच करा, हॉग्लिन वर आणला तर १५ सेकंदांत झॉग्लिन (झोंबी हॉग्लिन) होतो. कुंडीतला वार्प्ड फंगसही हॉग्लिनला पळवतो, तेव्हा गोठ्याच्या वाटेवर कुंड्या मांडल्या की कळप हवा तिकडे वळतो. पिगलिन आसपास असतील तर आधी भिंत घाला, नाहीतर पैदाशीची जोडी शिकारीत जाते.

निळ्या जंगलात एंडरमनच (उंच, काळे प्राणी) इतके का, याला माझ्या थिअरीत जागा नाही. कोणी सांगेल का?