बीई ६ चं रूप: लोक नावं ठेवतात ते काय आणि खान्देशात खरंच नडतं ते काय?

बोरीकाठ (अमळनेर)

नमस्कार मंडळी. महिंद्राची बीई ६ ही इलेक्ट्रिक गाडी घ्यायचं जवळपास ठरलंय, पण गाडीच्या रूपावर जेवढी तोंडं तेवढी मतं. वयस्कर माणसांचा पहिला प्रश्न एकच: "हाई गाडीनं तोंड कोठे शे?" समोर जाळी नाही म्हणजे गाडीला चेहराच नाही, असं त्यांचं म्हणणं. पोरं मात्र सी आकाराचे दिवे, दारात लपलेली हँडलं आणि काचेचं छत बघून खूश. कोणी म्हणतं खेळण्यातली गाडी मोठी करून ठेवलीय. कोणी म्हणतं एवढे पैसे घालायचे तर साधी, ओळखीच्या चेहऱ्याची क्रेटा इलेक्ट्रिक काय वाईट?

आवडनिवड ज्याची त्याची. मला कळून घ्यायचंय ते एवढंच, की या रूपातलं काय आपल्या उन्हात, धुळीत आणि काळ्या मातीच्या चिखलात त्रास देईल. बंद नाक ४५ अंशांत चालतं का? हँडलं अडकतात का? काचेच्या छताचं मे महिन्यात काय करायचं? चाकं १९ इंची घ्यावीत की २० इंची? वापर अमळनेर–धुळे, अमळनेर–चोपडा, आणि अधूनमधून नाशिक.

पांझराकाठ (धुळे)

नाकापासून सुरू करतो, कारण सगळ्यात जास्त बोल त्यालाच लागतात आणि सगळ्यात कमी त्रास त्याचाच असतो.

पेट्रोलच्या इंजिनात इंधनातल्या ऊर्जेचा जेमतेम पाव ते तिसरा हिस्सा चाकांपर्यंत पोचतो. बाकीची उष्णता होऊन सायलेन्सरमधून आणि रेडिएटरमधून बाहेर जाते. म्हणून पुढे मोठी जाळी लागायची. इलेक्ट्रिक मोटर ९० टक्क्यांच्या वर काम देते, तिला तेवढी हवा लागतच नाही. पण हवा अजिबात लागत नाही असंही नाही. एसीचा कंडेन्सर आणि बॅटरीभोवती फिरणारं पाणी थंड करणारा रेडिएटर या गाड्यांतही असतो, फक्त तो बंपरच्या खालच्या फटीमागे असतो. उन्हाळ्यात फास्ट चार्जिंग लावलं की पंखा जोरात ओरडतो तो त्याच्यासाठीच. घाबरायचं कारण नाही.

गडबड होते ती त्या खालच्या फटीत. जिनिंगच्या आसपास उडणारा कापसाचा तंतू, रस्त्याची धूळ, पावसाळ्यातले किडे यांचा थर बारीक पात्यांवर बसतो. तो बसला की एसी कमी थंड करतो आणि फास्ट चार्जिंगचा वेग पडतो, कारण बॅटरी तापली की गाडी स्वतःच करंट कमी घेते. दिवाळीनंतर एकदा आणि मार्चमध्ये एकदा टॉर्च लावून बघा. धुताना साध्या नळीचं पाणी वापरा. सर्व्हिसिंगचा प्रेशर पंप जवळून मारला तर पाती वाकतात, आणि वाकलेल्या पात्यातून हवा नीट जात नाही.

"तोंड नाही" म्हणून कोणी बाजारातली क्रोमची जाळी किंवा लोखंडी गार्ड बसवायला सांगेल. बसवू नका. क्रॅश गार्डला केंद्राने डिसेंबर २०१७ मध्येच मनाई केली आहे. शिवाय वरच्या मॉडेलमध्ये पुढे रडार असतो आणि त्याच्यासमोर लोखंड आलं की पुढच्या गाडीचं अंतर मोजणं चुकतं. जाड स्टिकर, वाकडी नंबरप्लेट यांनीही तेच होतं.

वाघूर (नशिराबाद)

रूप असं का आहे तेही समजून घ्या, म्हणजे नावं ठेवणाऱ्यांना उत्तर देता येतं. बंद नाक, मागे उतरतं छत, दारात बसलेली हँडलं हे सगळं हवा कापण्यासाठी आहे.

हिशेब सोपा आहे. गाडीचं समोरून दिसणारं क्षेत्र २.५ चौरस मीटर धरा. हवेच्या विरोधाचा आकडा, ज्याला सीडी म्हणतात, तो उभट एसयूव्हीचा ०.३५ धरला तर १०० च्या सततच्या वेगाला फक्त हवा कापायला १०० किलोमीटरमागे ११ युनिटच्या थोडं वर जातात. तोच आकडा ०.२८ वर आणला तर ९ युनिट. दोन-सव्वादोन युनिट वाचली, म्हणजे तेवढ्याच विजेत दर १०० किलोमीटरमागे १२-१३ किलोमीटर जास्त. ७९ युनिटची मोठी बॅटरी असली की नाशिकच्या फेरीत हा फरक जाणवतो.

पण विरोध वेगाच्या वर्गाने वाढतो. ५५ च्या वेगाला तीच बचत १०० किलोमीटरमागे पाऊण युनिटसुद्धा होत नाही. चोपड्याला ट्रॅक्टरमागून जाताना उतरत्या छताने काही वाचत नाही. तुमचं निम्मं चालणं महामार्गावर नसेल तर त्या रूपासाठी मागच्या सीटची उंची सोडायची का, हे मोजून ठरवा. मागे घरातल्या सगळ्यात उंच माणसाला पाठ टेकवून बसवा. डोकं आणि छत यांत चार बोटं उरली पाहिजेत. तीन उरली तर घाटातल्या खड्ड्यात डोकं लागणार. टोपी घालणारं माणूस घरात असेल तर टोपीसकट बसवा.

सातपुडा_घाट (शहादा)

चाकं. २० इंची घेऊ नका.

२४५/५० आर२० मापाच्या, म्हणजे २० इंची टायरमध्ये रिम आणि रस्ता यांच्यामध्ये रबराची उंची १२२ मिलिमीटर. २४५/५५ आर१९ मध्ये १३५. २४५/६० आर१८ मध्ये १४७. बाहेरचा व्यास तिन्हींचा जवळपास सारखाच, ७५१ ते ७५३ मिलिमीटर, म्हणून मीटरचा वेग चुकत नाही. फरक पडतो तो एका जागी: कडेच्या तुटक्या डांबराला चाक घासलं की १८ इंचीला टायर दबतो, २० इंचीला रिम वाकते किंवा टायरच्या बगलेला फुगा येतो. फुगा आलेला टायर दुरुस्त होत नाही, बदलावाच लागतो. तोरणमाळच्या रस्त्याला १८ इंची सगळ्यात बरी, शोरूममध्ये कितीही बारीक दिसली तरी.

आणखी एक, हे फारसं कोणी सांगत नाही. या चाकांवर हवेसाठी प्लॅस्टिकच्या पट्ट्या असतात, त्यामुळे रिम आतून दिसत नाही. पावसाळ्यात शेतरस्त्याने आलं की काळी माती रिमच्या आतल्या बाजूला चिकटते आणि वाळून ढेकूळ होते. मग ८० च्या आसपास स्टिअरिंग थरथरतं. लोक अलाइनमेंट करायला धावतात, पैसे जातात, थरथर जात नाही. आधी चाकाच्या आतून हात घालून माती काढा, पाणी मारा. तरी राहिली तर बॅलन्सिंग करा. अलाइनमेंट बिघडली तर गाडी एका बाजूला ओढते, थरथर ही वेगळी गोष्ट.

पत्रा_रंग (धुळे)

हँडल आणि रंगाबद्दल.

दारात बसलेल्या हँडलला चारही बाजूंनी बारीक फट असते. त्यात आपली माती बसते. कोरडी असेपर्यंत काही होत नाही. पहिल्या पावसात तिचा लगदा होतो आणि ऊन पडलं की सिमेंटसारखा वाळतो. मग हँडल अर्धं बाहेर येतं आणि अडतं. नखाने किंवा स्क्रू ड्रायव्हरने उचकू नका, आतला प्लॅस्टिकचा दात तुटतो आणि सुटा दात मिळत नाही, पूर्ण हँडल घ्यावं लागतं. हँडल बाहेर असताना साधं पाणी ओतून माती भिजू द्या, मऊ ब्रशने काढा, वाळल्यावर सिलिकॉन स्प्रेचा एक फवारा. ग्रीस किंवा इंजिन ऑइल अजिबात नको, ते धूळ धरून ठेवतं आणि महिनाभरात पहिल्यापेक्षा वाईट होतं.

दुसरी गोष्ट जिवाशी संबंधित आहे. ही हँडलं १२ व्होल्टच्या छोट्या बॅटरीवर चालतात. मोठी बॅटरी ७० टक्के भरलेली असली तरी छोटी मेली की दार उघडत नाही आणि गाडी चालूही होत नाही. छोटी बॅटरी उन्हाने लवकर मरते. गाडी ताब्यात घ्यायच्या दिवशी शोरूममध्येच तीन गोष्टी करून घ्या: रिमोटमधली लोखंडी चावी काढून दार बाहेरून उघडून बघा, आतून वीज नसताना दार कसं उघडायचं ते बघा, आणि बॉनेट कसं उघडायचं ते बघा. घरातल्या प्रत्येकाला, लहान मुलांनासुद्धा, आतलं उघडणं शिकवा. चीनने १ जानेवारी २०२७ पासून नव्या मॉडेलच्या गाड्यांना आतून-बाहेरून यांत्रिकपणे उघडणारी हँडलं सक्तीची केली आहेत, ती याच कारणासाठी.

आता रंग. चकचकीत काळं प्लॅस्टिक, ज्याला पियानो ब्लॅक म्हणतात, ते शोरूमच्या दिव्यात फार सुंदर दिसतं. आपल्याकडे कोरडं फडकं एकदा फिरवलं की त्यावर कोळ्याच्या जाळ्यासारखे ओरखडे. आपल्या धुळीत वाळूचे कण असतात, फडकं त्यांना घासून फिरवतं. आधी नुसतं पाणी, मग शांपूची एक बादली, हातमोजा धुवायला साध्या पाण्याची दुसरी, मग मायक्रोफायबर. चाकाच्या कमानीवरच्या आणि आत स्क्रीनभोवतीच्या काळ्या भागाला पहिल्याच आठवड्यात पारदर्शक फिल्म लावून घ्या. पैसे थोडेच असतील तर सिरॅमिक कोटिंगपेक्षा ही फिल्म आधी.

पुढे-मागे आडव्या दिव्यांच्या लांब पट्ट्या असलेल्या गाड्या आता पुष्कळ आहेत. तशी गाडी घेताना पट्टीची किंमत विमा घेण्याआधी विचारा. साधा दिवा फुटला तर एक कोपरा बदलतो. लांब पट्टी कोपऱ्यावर तडकली तरी बऱ्याचदा अख्खी घ्यावी लागते. झिरो डेप विमा, म्हणजे सुट्या भागांचा घसारा न कापणारा, अशा गाडीला घ्याच. सकाळी दिव्याच्या आत धुकं दिसलं आणि तासाभरात गेलं तर ते चालतं. थेंब साचून खाली उभे राहिले तर पाणी शिरलंय, वॉरंटीत बदलून मागा.

केळीपट्टा (रावेर)

डिकीचं सांगतो. बीई ६ ची डिकी कागदावर ४५५ लिटर, पुढे बॉनेटखाली ४५ लिटर वेगळी. लिटर बघून फसू नका. मागची काच उतरती असल्याने उंची दारापाशी संपते. फळांचं साधं प्लॅस्टिकचं कॅरेट साधारण ५४० बाय ३६० बाय २९० मिलिमीटर असतं. टेप घेऊन जा. खालची रांग बसेल, त्यावर दुसरी ठेवली की डिकीच्या दाराची काच कॅरेटवर आदळेल. आंब्याची पेटी, बाजाराच्या पिशव्या, बॅगा यांना काही अडचण नाही. महालक्ष्म्यांच्या मखरासारखं उभट सामान नेणाऱ्याने उभ्या पाठीची गाडी घ्यावी.

केळी ठेवणार असाल तर खाली गोणपाट आणि त्याखाली ताडपत्री टाकाच. चीक लागला तेव्हा रंग नसतो, दोन दिवसांत तपकिरी होतो, मग कापडातून आणि खरबरीत प्लॅस्टिकमधून निघत नाही. ओला असतानाच साबणाच्या पाण्याने पुसला तर जातो.

बोरीकाठ (अमळनेर)

सगळ्यांचे मनापासून आभार. १८ इंची पक्की. छताचं कोणीतरी सांगा. आणि आमच्या गल्लीचा फाटक ८ फुटी आहे, आत लगेच डावीकडे वळायचंय. रंग सॅटिन (कमी चकाकीचा) पांढरा आवडलाय सगळ्यांना.

वाघूर (नशिराबाद)

छत: मे महिन्यात भर दुपारी आडव्या पृष्ठभागावर चौरस मीटरला हजार वॉटच्या आसपास ऊन पडतं. गडद काच त्यातलं थेट ऊन बरंच अडवते, पण अडवलेल्यातलं बरंचसं ती स्वतःत घेते आणि तापते. डोक्यावर तव्याची धग जाणवते ती त्यामुळे. काचेला हात लावून बघा, पत्र्याच्या छताच्या आतल्या अस्तराला लावून बघा, फरक लगेच कळतो. चंदेरी बाजू वर ठेवून मापाची जाळी किंवा इन्सुलेशनचा कागद आतून बसवा, उन्हाळाभर काढू नका. गाडी चार्जिंगला लावलेली असतानाच निघण्याआधी १०-१५ मिनिटं मोबाईलवरून एसी लावा, ती थंडी बॅटरीतून जात नाही. गाडी उन्हात उभी असेल तर आधी चारही काचा खाली करून मिनिटभर चालवा, मग काचा बंद करून आतली हवा फिरवा.

बाजूच्या काचांना फिल्म लावायची तर आकडा लक्षात ठेवा: बाजूच्या काचांतून ५० टक्के, पुढच्या-मागच्या काचेतून ७० टक्के प्रकाश आत यायला हवा. कंपनीची काच आधीच थोडी रंगीत असते आणि दोन्हींचा गुणाकार होतो. ७५ टक्क्यांच्या काचेवर ७० टक्क्यांची फिल्म म्हणजे साधारण ५२. त्यापेक्षा गडद नको.

फाटक: गाडी १९०७ मिलिमीटर रुंद, साध्या क्रेटापेक्षा ११७ मिलिमीटर जास्त, आणि आरसे त्याच्या बाहेर. ८ फूट म्हणजे २४३८. सरळ जाईल. लगेच वळायचं आहे हीच अडचण, कारण वळताना मागचं आतलं चाक पुढच्यापेक्षा आत येतं. खडूने गल्लीत ४३७१ बाय १९०७ चा चौकोन आखून बघू नका, त्याने वळण कळत नाही. टेस्ट ड्राइव्हची गाडीच घरी मागवा.

पत्रा_रंग (धुळे)

सॅटिन रंग घेणार असाल तर एक गोष्ट आजच घरी सांगून ठेवा. त्या रंगाला पॉलिश करता येत नाही. घासलं की तिथे चमक येते आणि तो डाग कायमचा दिसतो. पूजेच्या दिवशी बॉनेटवर ओल्या कुंकवाचा स्वस्तिक काढला तर कुंकू रंगात उतरतं, हळदीचंही तेच. स्वस्तिक पुढच्या काचेच्या खालच्या कोपऱ्यात काढा, वायपरच्या आणि कॅमेऱ्याच्या वाटेत येणार नाही असा. हार बॉनेटवर घातला तर तारेचं टोक वर वळवा आणि संध्याकाळी काढून घ्या, झेंडूचा रंगही उन्हात उतरतो. नारळ चाकाजवळ फोडा, नाकासमोर नाही.